मदत हवी आहे : खेळातलं शिकणं पालकांना कसं दाखवू?
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी अंगणवाडी सेविका आहे. माझी मुलं तूर, सरकी, चिंचोके निवडतात, मोजतात, चिखलाचे बैल करतात, भांडली की गोलात बसून बोलतात. शरीर, मन, बुद्धी एकत्र वाढावी हा २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत स्तर (३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठीच्या) अभ्यासक्रम आराखड्यातला पंचकोश विचार मला मनापासून पटतो. (बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात गावच्याच वस्तूंवर बालवाडी उभी केली होती!)

पण आया म्हणतात, "पोट्टं नुसतं खेळूनच येते, एबीसीडी कवा शिकवान?" दोघं तर कॉन्व्हेंटच्या गाडीनं जाऊ लागले. कापूस वेचणीत पालकसभेला कुणी फिरकत नाही. मुलाची वाढ घरच्यांना डोळ्यांनी दिसावी म्हणून तुम्ही काय करता? अनुभव सांगा.