मदत हवी आहे: पडसं-खोकला असलेल्या लेकराला शाळेत पाठवावं का?

गोदाकाठची (परभणी):

मुलगी सहा वर्षांची, यंदा पहिलीला. कालपासून पडसं झालंय. नाक गळतंय, सकाळी शेंबूड हिरवट दिसला. रात्री ठसक्यानं उठत होती, अंग कोमट लागलं म्हणून काखेत थर्मामीटर लावला तर 99.6. सकाळी 98.8. चहा-पोळी खाल्ली, वर मलाच भरवली. आजारी म्हणावं तर आजारी नाही अन् चांगली म्हणावं तर चांगलीबी नाही. आज घरी ठेवलीय. उद्या-परवाचं काय करू ते सुचंना.

परवा 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिदिन. झेंडावंदन झालं की पहिलीच्या पोरींचा नाच आहे. हिरवी नऊवारी शिवून आणलीय, ती खुंटीला टांगलीय. पोरगी तिच्यापुढं कमरेवर हात ठेवून सराव करायलीय. दोन ओळी झाल्या की खोकला, की परत पहिल्यापासून. वर्गाच्या ग्रुपवर बाईंचा निरोप आला, "आजारी लेकरं पाठवू नका, साथ आहे." तासाभरानं त्याच ग्रुपवर हेडसर, "तालमीला एकही विद्यार्थी गैरहजर नको." आता ऐकायचं कुणाचं?

मी पतसंस्थेत काउंटरला आहे, रजा संपत आल्यात. हे वाळूजला कंपनीत, रविवारीच घरी. सासूबाई गावी, मुगाच्या शेंगा तोडायला. शेजारच्या ताई म्हणतात, "सकाळी तापीचं पातळ औषध पाज अन् दे लावून, दुपारपर्यंत काही होत नाही." त्या स्वतःच्या लेकरांना तसंच पाठवतात. मला ते पटंना, पण का पटंना ते सांगताबी येईना. तुम्ही काय करता?

दोन लेकरांची आई (लातूर):

नुसतं नाक गळत असेल, लेकरू खात-खेळत असेल तर मी पाठवते. या वयाच्या लेकरांना वर्षात सहा-आठ वेळा पडसं होतंच, खोकला तर दोन-तीन आठवडे रेंगाळतो. दरवेळी घरी ठेवलं तर निम्मी शाळा बुडायची.

पण औषध पाजून पाठवायचं नाही, हे आमच्याकडं पक्कं. तापाचं औषध चार ते सहा तास चालतं. सकाळी साडेआठला पाजलं की दुपारी एक-दीडला ताप परत वर. तेव्हा लेकरू वर्गात, तुम्ही काउंटरवर, फोन पर्समध्ये. आणि सकाळी ते टवटवीत दिसतं ते औषधाच्या जोरावर, खरं काय चाललंय ते तुम्हालाच कळत नाही. औषध न देता सकाळी कसं आहे ते बघा आणि त्यावर ठरवा.

माझी खूण सांगते. धाकटा लोणी लावलेल्या भाकरीकडं बघून तोंड फिरवतो, त्या दिवशी थर्मामीटर सापडायच्या आधीच मी ऑफिसला कळवून टाकते.

जुना खांब (धाराशिव):

हळद-दूध द्या, ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेका अन् पाठवा. आम्ही पावसात भिजत शाळेला जायचो. शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र आजबी भिंतीवर आहे. हल्ली जरा शिंकलं की सुट्टी.

खडू-फळा (बीड जिल्हा):

काका, तसली प्रशस्तिपत्रं वाटणाऱ्यांपैकीच मी. आमच्या शाळेत ती आता बंद केलीत, कारण त्या कागदापायी लेकरं ताप अंगात घेऊन यायला लागली. हजेरीचा हट्ट मोठ्यांचा असतो, त्रास लहानाला.

ताई, वर्गात काय होतं ते सांगतो. एका सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली लेकरं, पाण्याची बाटली एकाची, तोंडं चार. आजारी लेकराला निजवायला वेगळी खोली आमच्याकडं नाही. ते दप्तरावर डोकं टेकून पडतं, मी अधूनमधून कपाळाला हात लावतो अन् वडलांना फोन लावतो. वडील शेतात, रेंज नाही. खिचडीची वेळ होते, लेकरू खात नाही. असे दोन-तीन तास त्यानं काढायचे, मग कुणीतरी मोटारसायकलवर न्यायला येतं.

पण दुसरी बाजूबी खरी आहे, अन् ती शहरातल्या लोकांना दिसत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मागं आजी राहते, तीही दिवसभर रानात. घराला कुलूप. त्या लेकराला आजारी असलं तरी शाळेतच बरं, निदान तिथं ताट मिळतं अन् कुणाची तरी नजर राहते. अशा आईला मी कधी बोल लावत नाही. तुमच्याकडं शेजारी कुणी सांभाळणारं असेल तर गोष्ट वेगळी.

हेडसरांचं मनावर घेऊ नका. पहिलीत कुणाला नापास करत नाहीत. नाचात एक पोरगी कमी झाली तर रांग सरकवून घेतात, आम्ही दर 17 सप्टेंबरला अन् 26 जानेवारीला तेच करतो.

सिस्टर (उदगीर):

बालरुग्ण वॉर्डात काम करते, म्हणून लांबलचक लिहितेय.

100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, हा आकडा सगळीकडं वाचायला मिळतो, पण तो अंगाच्या आतल्या तापमानाचा. काखेतला आकडा कमी दाखवतो. काखेत 99.5 किंवा जास्त आलं की आम्ही ताप धरतो. म्हणजे तुमचं 99.6 काठावरचं असलं तरी तापच. आज घरी ठेवलं ते बरोबर केलंत. तापाच्या औषधाशिवाय पुरते 24 तास ताप नाही, असं झालं की पाठवा.

हिरवा शेंबूड बघून घाबरू नका, साध्या पडशातही दोन-चार दिवसांनी तसा होतो, आणि त्यासाठी अँटिबायोटिक मागू नका. उलटी-जुलाब असतील तर मात्र शेवटच्या जुलाबानंतर 48 तास घरीच. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. डोळे आले असतील तर पाणी-चिकटा थांबेपर्यंत थांबवलेलं बरं. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा एका लेकरामुळं घरच्या घर लाल डोळ्यांनी ओपीडीत यायचं.

खोकल्याचं सिरप मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका. 2025 मध्ये छिंदवाड्याकडं भेसळीच्या सिरपनं लेकरं दगावली, त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं सांगितलंय की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाचाखाली सहसा देऊ नयेत. तुमची सहाची आहे, तरी कोमट पाणी आणि झोपताना चमचाभर मध पुरे. काकांचं हळद-दूध चालेल, पुरचुंडी मात्र जपून. गरम पुरचुंडीनं भाजलेली लेकरं आमच्याकडं येतात.

श्वास भराभर चालतोय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही किंवा लेकरू हाक मारली तरी सुस्त पडून आहे, यातलं काही दिसलं तर शाळेचा विचार सोडा आणि सरळ दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108.

गोदाकाठची (परभणी):

सगळ्यांचे आभार. सिस्टर, संध्याकाळी परत बघितलं, काखेत 100.8. अंग दुखतंय म्हणायलीय. म्हणजे उद्या शाळा नाहीच. 17 चं उद्या सकाळी बघते. तिला अजून सांगितलं नाही, रडून गोंधळ घालील. घरमालकीणकाकू दुपारपर्यंत बसते म्हणाल्या, तेवढ्यात मी अर्धी रजा टाकून येते. वजन 17 किलो आहे. घरात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या निघाल्या, दोन्हीवर आकडे वेगळे. किती द्यायचं?

सिस्टर (उदगीर):

दोन्हीचं झाकण उघडायच्या आधी एक्स्पायरी बघा. किलोला 15 मिलिग्रॅमनं तिला साधारण 250 मिलिग्रॅम लागतं. बाटलीवर 5 मिलीत 250 लिहिलं असेल तर 5 मिली, 5 मिलीत 120 असेल तर 10 मिली. गोंधळ याच दोन बाटल्यांचा होतो, म्हणून एक बाटली फेकूनच द्या. पुढचा डोस सहा तासांनी, तोही ताप असला तरच, आणि 24 तासांत चारच्या वर नाही. बाटलीसोबत आलेल्या मापानं द्या, घरच्या चमच्यानं नको. अ‍ॅस्पिरिन लेकरांना अजिबात नाही.

अंग दुखतंय म्हणताय म्हणून सांगते, दिवस डेंग्यूचे आहेत. ताप तिसऱ्या दिवशीही राहिला तर रक्त तपासून घ्या, तोवर आयबुप्रोफेनही देऊ नका. डेंग्यूत ताप उतरतानाच जास्त जपावं लागतं. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, असं काही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.

खडू-फळा (बीड जिल्हा):

बाईंना आजच रात्री ग्रुपवर नको, खाजगीत कळवा, म्हणजे उद्याच्या तालमीत रांग बदलता येईल. रजेचा अर्ज लेकरू परत येईल तेव्हा दप्तरात टाकला तरी चालतो. दोन दिवसांच्या तापासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट कुणी मागितलं तर आधी मागण्याचं कारण विचारा. आमच्याकडं तरी कुणी मागत नाही.