न्यायालयाने आरोपमुक्त केल्यानंतरही बंदी? श्रीशांत आणि अंकित चव्हाण

दीपमाळ (चर्चाप्रस्ताव)

जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावर डिसेंबर २००६ मध्ये श्रीशांतने ४० धावांत ५ बळी घेतले, दक्षिण आफ्रिकेचा डाव ८४ धावांत आटोपला आणि त्या देशात भारताने पहिली कसोटी जिंकली. चेंडूची शिवण इतकी सरळ उभी ठेवून टाकणारा गोलंदाज आपल्याकडे क्वचितच झाला. त्याच मैदानावर २००७ च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानच्या मिस्बाहचा उंच उडालेला झेलही त्याच्याच हातात विसावला. सहा वर्षांच्या आत, १६ मे २०१३ रोजी, आयपीएलच्या राजस्थान रॉयल्स संघातील सहकारी अंकित चव्हाण आणि अजित चंडिला यांच्यासह त्याला स्पॉट फिक्सिंगच्या (पैसे घेऊन सामन्यातला एखादा भाग आधीच ठरवण्याच्या) आरोपाखाली अटक झाली, आणि १३ सप्टेंबर २०१३ रोजी बीसीसीआयने (भारतीय क्रिकेट मंडळाने) श्रीशांत व चव्हाण यांच्यावर आजीवन बंदी घातली.

एका आयपीएल सामन्यात श्रीशांतने कमरेला खोचलेला पांढरा टॉवेल ही सट्टेबाजांसाठीची खूण होती आणि त्याच्या एका षटकात किमान १४ धावा देण्याचे ठरले होते, असे पोलिसांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात १३ धावा गेल्या. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले, तरीही बंदी कायम राहिली. माझ्या मते हा अन्याय आहे. ज्या पुराव्यावर खटलासुद्धा उभा राहू शकला नाही, त्यावर माणसाची संपूर्ण कारकीर्द कशी संपवता येते?

न्यायप्रविष्ट

आपली कळकळ समजते, परंतु दोन वेगळ्या गोष्टींची आपण गल्लत करत आहात. आरोप मकोकाखाली होते. संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने १९९९ साली केलेला हा कायदा या प्रकरणात लागू होत नाही, असे न्यायालयाला आढळले, आणि फिक्सिंगसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही. सरकारी कर्मचारी फौजदारी खटल्यातून सुटला, तरी त्याची खातेनिहाय चौकशी थांबत नाही, कारण तिथे पुराव्याची कसोटी निराळी असते. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजीवन बंदी रद्द केली, तेव्हाही दोषी ठरवण्याच्या निष्कर्षाला हात लावला नव्हता. फक्त शिक्षेच्या प्रमाणाचा फेरविचार करण्यास सांगितले होते. १३ धावांचा मुद्दा मला मुळीच पटत नाही. ठरवलेला सौदा एका धावेने हुकला, म्हणून सौदा झालाच नाही असे म्हणता येत नाही.

दीपमाळ

टॉवेल खोचणे हा गुन्हा नाही, आणि त्या षटकात एकही नो-बॉल किंवा वाइड नव्हता. तरीही कसोटी निराळी असते हे मी मान्य करतो. पण नियमांत पाच वर्षांपासून आजीवनपर्यंतचा पल्ला असताना थेट टोकाची शिक्षा का दिली? २०१७ मध्ये त्याला स्कॉटलंडच्या एका क्लबकडून खेळायचे होते, तर तेवढे ना-हरकत प्रमाणपत्रही मिळाले नाही.

मैदानकर

मी मुंबईत अनेक वर्षे मुलांना गोलंदाजी शिकवतो, म्हणून चव्हाणबद्दल लिहितो. श्रीशांतपुढे त्याचे नाव कुणाला आठवत नाही. मुंबई रणजी संघापर्यंत पोहोचलेल्या डावखुऱ्या फिरकीपटूने आधी किती वर्षे लोकलमध्ये किट सांभाळत प्रवास केलेला असतो, हे मला रोज दिसते. श्रीशांत केरळ उच्च न्यायालयात एकदा जिंकला, मग खंडपीठापुढे हरला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये बीसीसीआयचे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी त्याची बंदी सात वर्षांवर आणली. चव्हाणच्या बाबतीत तसाच निर्णय व्हायला मे २०२१ उजाडला. म्हणजे सप्टेंबर २०२० मध्येच पूर्ण झालेल्या शिक्षेचे पत्र त्याला त्यानंतर कित्येक महिन्यांनी, वयाच्या पस्तिशीत मिळाले. दोघांचा ठपका एकच होता, शिक्षाही एकच होती, मग दिलासा एकाच वेळी का मिळू नये?

मात्र दीपमाळ यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. माझ्याकडची चौदा वर्षांची मुले आयपीएलच्या लिलावाचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतात. कुणी गिफ्ट म्हणून बूट दिले, तर ते का दिले हे विचारायला मी त्यांना शिकवतो. शिक्षा नाममात्र ठरली, तर माझ्या सांगण्याला काय वजन उरेल?

न्यायप्रविष्ट

मैदानकर यांचा विलंबाचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे. माजी कर्णधार अझरुद्दीनवर मॅच फिक्सिंगच्या आरोपावरून डिसेंबर २००० मध्ये बंदी आली, ९९ कसोटींवर तो थांबला, आणि ती बंदी बेकायदा असल्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय आला २०१२ मध्ये, तो एकोणपन्नास वर्षांचा असताना. दोषाबद्दलचे माझे मत बदललेले नाही. परंतु मंडळाने शिक्षा सुनावतानाच तिची मुदत आणि कारणे लेखी, सविस्तर प्रसिद्ध करावीत, आणि एका प्रकरणात शिक्षा कमी झाली तर त्याच प्रकरणातील इतरांचा फेरविचार अर्जाविना व्हावा, ही मागणी मी दीपमाळ यांच्याबरोबर करायला तयार आहे.

दीपमाळ

या मागणीवर माझीही सही समजावी. जानेवारी २०२१ मध्ये श्रीशांत केरळकडून मुश्ताक अली स्पर्धेत वानखेडेवर पुन्हा उतरला तेव्हा मी सामना पाहत होतो. फलंदाजाचा त्रिफळा उडाला, आणि मनगट अजून तसेच सरळ होते. वेग मात्र उरला नव्हता.