मदत हवी आहे : गिअरबॉक्सच्या कंपनांच्या स्पेक्ट्रममध्ये ६.४ हर्ट्झच्या साइडबँड्स, दोष मोठ्या गिअरचा की पिनियनचा?

नमस्कार मंडळी,

साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बॉयलरकडे बगॅस (उसाचा चोथा, बॉयलरचं इंधन) नेणाऱ्या कन्व्हेयरचा गिअरबॉक्स सध्या झोप उडवतोय. ऐन गाळपात तो बसला तर बॉयलरला बगॅस नाही, म्हणजे वाफ नाही, म्हणजे मिल बंद आणि गव्हाणीसमोर उसाच्या गाड्यांची रांग.

दोन टप्प्यांचा हेलिकल गिअरबॉक्स आहे. मोटर लोडवर १४८० आरपीएम, म्हणजे २४.६७ हर्ट्झ. पहिल्या टप्प्यात १९ दात्यांचं पिनियन (जोडीतलं लहान गिअर) आणि ७३ चं मोठं गिअर, दुसऱ्यात १७ आणि ६९. त्यामुळे मधला शाफ्ट ६.४२ हर्ट्झ, आउटपुट १.५८. पहिल्या टप्प्याची मेशिंग फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती दाते एकमेकांत गुंततात) ४६९ हर्ट्झ, दुसऱ्याची १०९.

कंपनांची एकूण व्हेलॉसिटी फारशी वाढलेली नाही, म्हणून वरच्यांना घाई वाटत नाही. मला वाटते, कारण स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन, याचा आलेख) वेगळं सांगतोय. ४६९ च्या दोन्ही बाजूंना ६.४ हर्ट्झच्या अंतराने तीन-चार जोड्या साइडबँड्स (मुख्य शिखराच्या आजूबाजूची छोटी शिखरं) आहेत आणि त्या हळूहळू वाढताहेत. ९३७ भोवतीही तसंच. लोड कमीजास्त झाला की मेशिंगची उंची बदलते, म्हणून तुलना कन्व्हेयर भरलेला असतानाच्याच रीडिंगची केली आहे. टाइम वेव्हफॉर्ममध्ये (कंपनाचा वेळेनुसार आलेख) दर १५६ मिलिसेकंदांनी एक ठोका दिसतो, म्हणजे मधल्या शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक. नुसतं गिअर एक्सेंट्रिक (केंद्रापासून सरकलेलं) असतं तर असा टोकदार ठोका आला नसता, एखादी जोडी साइडबँड येऊन थांबली असती. मला दात्याला तडा किंवा तुकडा उडाल्याची शंका आहे. बेअरिंगच्या फ्रिक्वेन्सी सहसा फेऱ्यांच्या पूर्ण पटीत येत नाहीत, इथे सगळं नेमकं पटीत आहे, त्यामुळे बेअरिंग तूर्त बाजूला ठेवलंय.

अडचण अशी की त्याच मधल्या शाफ्टवर दुसऱ्या टप्प्याचं १७ दात्यांचं पिनियनही आहे. ठोका त्याचा असला तरी अंतर ६.४ च येणार. टॅको (फेरे मोजणारा सेन्सर) लावून सिंक्रोनस अॅव्हरेजिंग (शाफ्टच्या फेऱ्यांनुसार सिग्नलची सरासरी) केलं तरी शाफ्ट एकच असल्याने दोघे वेगळे होणार नाहीत. १०९ भोवती ६.४ च्या साइडबँड्स दिसत नाहीत, पण तिथे अॅक्सिलरेशन मुळातच कमी. रीडिंग ० ते २००० हर्ट्झ, १६०० लाइन्सवर घेतलंय, म्हणजे रेझोल्यूशन १.२५ हर्ट्झ. आता ० ते २०० हर्ट्झवर व्हेलॉसिटीत घेणार आहे. ०.१२५ हर्ट्झ मिळेल, ८ सेकंदांचा डेटा लागेल, आउटपुट शाफ्टच्या १.५८ च्या साइडबँड्सही सुटतील.

जाणकारांना विचारायचंय : त्या रीडिंगमध्येही १०९ भोवती काही आलं नाही, तर पिनियन निर्दोष धरता येईल का? की आधी ठोक्याचा सिग्नल दोन्ही मेशिंगभोवती वेगवेगळा फिल्टर करून एन्व्हलप (सिग्नलच्या उंचीतले चढउतार) पाहावा? मोठं गिअर वरच्या इन्स्पेक्शन झाकणातून सफाईच्या बंदमध्ये पाहता येतं. पिनियनसाठी मात्र वरचं हाऊसिंग उचलावं लागेल, आणि तेवढा बंद मागायचा तर हातात ठोस पुरावा हवा. अशा केसमध्ये पुढे प्रत्यक्ष उघडून पाहिलेलं कुणी असेल तर काय निघालं तेही कृपया लिहा.