सल्लागाराचं शेड्यूल डोळे झाकून पाळायचं का?

भगवा_सांगोला:
नमस्कार. सांगोला तालुक्यात आमची दीड एकर भगवा डाळिंबाची बाग आहे, चौदा बाय दहा फुटांवर, मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडाचा फुलोरा) धरतो. तीन वर्षांपासून अप्पांनी बागेला सल्लागार लावलाय. दर रविवारी व्हॉट्सॲपवर शेड्यूल येतं: फवारणी कोणती, ड्रिपमधून काय सोडायचं, पाणी किती तास. शेजारच्या चार बागांनाही तेच शेड्यूल येतं. कुणाची जमीन मुरमाड, कुणाची काळी, पण कागद सगळ्यांना एकच.

गेल्या ऑगस्टमध्ये खालच्या अंगाची झाडं पिवळी पडायला लागली. फोटो पाठवला, दहा मिनिटांत उत्तर आलं: लोह कमी आहे, फेरस सल्फेट सोडा. अप्पा गाडीची किल्ली घेऊन निघालेसुद्धा. मला मात्र ते पटेना. लोह कमी पडलं की कोवळी पानं आधी पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. आमची जून पानंसुद्धा पिवळी होती, शिरांसकट. आणि वरच्या मुरमाड पट्ट्यात एकही झाड पिवळं नव्हतं. टिकाव घेऊन ड्रिपरखाली फूटभर खणलं. मातीचा गोळा कणकेसारखा वळत होता, कुजकट वास येत होता. पांढरी मुळी शोधूनही सापडेना, होती ती तपकिरी, बोटानं ओढली की साल निघून येत होती. आठ दिवस पाऊस होता आणि तरी ड्रिप रोज चालू, कारण शेड्यूलमध्ये तास लिहिलेले होते.

अप्पा चिडले. "ते शिकलेले हायत, तू काय डाळिंबाची डॉक्टर हायस काय?" शेवटी तडजोड केली. चार ओळींना फेरस दिलं, चार ओळींना नाही, आणि आठही ओळींचं पाणी बारा दिवस बंद ठेवलं. नवी फूट दोन्हीकडे सारखीच हिरवी आली.

आता छाटणी झालीय. सल्लागार बंद करावा का? मन धजत नाही, तेल्या रोग आला तर काय करायचं? तुम्ही कसं करता?

माळरान_मोहोळ:
ताई, बंद करू नका. त्यांनी पन्नास बागा पाहिलेल्या असतात, तुम्ही एक. पण "का?" हे विचारल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. आणि हे विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

माझंच सांगतो. बोर्डोचं, म्हणजे रोगावरच्या तांब्याच्या फवारणीचं, माप सगळ्यांना पाठ: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मी तेच केलं आणि पानं करपली. माप बरोबर होतं, चुना जुना होता, हवा लागून मेलेला. तेव्हापासून फवारणीआधी घासलेला विळा मिश्रणात बुडवून धरतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुन्याची निवळी घालायची. पातं स्वच्छ निघालं तरच पंप भरायचा. आणि मोरचूद प्लास्टिकच्या बादलीतच विरघळवा, लोखंडाच्या नको. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

कासेगाव_बाग:
तुमच्या प्रयोगात एक खोट आहे ताई, रागावू नका. पाणी तुम्ही आठही ओळींचं बंद केलं. त्यामुळे फेरसनं फरक पडला नाही एवढं कळलं, पण झाडं पाणी तोडल्यानं सुधारली हे सिद्ध होत नाही. पाऊस उघडला म्हणूनही सुधारली असतील. एका ओळीचं पाणी चालू ठेवायला हवं होतं. दुसऱ्याचं तपासतो तेवढ्याच कडकपणे आपलंही तपासावं.

शिवारफेरी:
मी स्वतः सल्ला देतो, पंढरपूर-सांगोला भागात. खरं सांगायचं तर फोटोवरून मीही चुकलोय. आमच्याकडे चुनखडीच्या जमिनी जास्त, तिथं लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही, म्हणून पिवळं पान दिसलं की आमच्या तोंडात आधी लोहच येतं. ज्या शेतकऱ्यानं खणून मुळीचा फोटो पाठवला, त्याला मी कधीच घाईत उत्तर दिलेलं नाही. तुमच्या सल्लागाराला हाच सगळा तपशील पाठवा, माणूस चांगला असेल तर खूश होईल. माती आणि पाणी तपासून घ्या. शंका मोठी असेल तर सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं झाडाचा नमुना घेऊन जा.

तेल्याच्या बाबतीत मात्र ओळी सोडून प्रयोग करू नका. तो जिवाणू आहे, पावसाच्या शिंतोड्यांनी आणि छाटणीच्या कात्रीनं पसरतो, सोडलेल्या चार ओळी सगळी बाग घेऊन बसतील.

भगवा_सांगोला:
सगळ्यांचे मनापासून आभार. कासेगाव दादा, तुमचं बरोबर आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या वेळी एक ओळ तशीच सोडणार. सल्लागारांना खणलेल्या मुळ्यांचे फोटो पाठवलेत, ते बुधवारी स्वतः बागेत येतो म्हणाले.

आज सकाळी बोर्डो होतं. मी विळा घासून आणला, तर अप्पा म्हणाले, दे इकडं. त्यांनीच बुडवला. पातं तांबूस निघालं. अप्पा काही बोलले नाहीत, चुन्याची बादली ओढली, तांब्याभर निवळी घातली, ढवळलं आणि पुन्हा बुडवला. तिसऱ्या वेळी पातं स्वच्छ निघालं, मग पंप भरला.