कृपा असती तर बाग आडवी झाली असती का?

भाऊ, तुम्ही विचारलंत की देवाची कृपा असती तर वादळात केळीची बाग आडवी झाली असती का... रावेर-यावलकडे ऐन कापणीला आलेला माल असा जमिनीवर बघितला की हे मनात येणारच, त्यात पाप काही नाही. पण कृपा म्हणजे संकट येणारच नाही असं कुणी सांगितलं? आपल्या मुक्ताईचंच बघा ना, लहानपणीच आईवडील गेले, समाजानं वाळीत टाकलं, १२९६ ला ज्ञानोबांनी आळंदीत समाधी घेतली आणि मग ती आपल्या तापीकाठी मेहूणला विजेच्या कडकडाटात गुप्त झाली असं परंपरा सांगते, एवढं सोसून त्या पोरांनी विठ्ठलाला सोडलं नाही, उलट ताटी लावून बसलेल्या ज्ञानोबांची समजूत ह्या धाकटीनंच काढली. आजही आषाढीच्या वारीसाठी मुक्ताईनगरहून पालखी निघते त्यात पीक गेलेले शेतकरी पण चालत असतात. आमची बाग पडली तेव्हा गावातली माणसं न बोलावता खोडं उचलायला आली, मी तर त्यालाच कृपा मानतो. आणि हो, पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका, फोटो काढून ठेवा, तलाठ्याला आजच कळवा.