शरणागती, समर्पण की सोपवणं?

शरणपूरची सून: उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्या चर्चमध्ये दुपारी १२ ते ३ येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर मनन असतं. यंदा सातवा माझ्याकडे आलाय, आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याचा. विषय इंग्रजीतून आला: देवाच्या इच्छेपुढे सरेंडर. मी 'शरणागती' लिहिलं. घरी वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "तो काय लढाई हरला होता? समर्पण म्हण." पण समर्पण म्हटलं की मला शाल-श्रीफळ दिसतं. काय करू?

जुना सीबीएस: 'नक्षलवाद्यांचे आत्मसमर्पण' पेपरात वाचलं नाही का? सासूबाईंना सांगा, दोन्ही शब्दांच्या मागे पोलीस उभे आहेत.

गोदाकाठ: ताई, शरण म्हणजे मुळात आसरा. संस्कृतात घरालाही शरण म्हणतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतले बौद्ध भिक्खू 'शरणं गच्छामि' म्हणायचे ते कुणाकडून मार खाऊन नव्हे. आणि तुमच्या पत्त्यातच तो शब्द बसलाय की. ख्रिस्ती मिशनने १८५४ साली नाशिकला शरणपूर वसवलं, पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकली. आफ्रिकेत वारलेल्या लिव्हिंग्स्टन या संशोधक मिशनऱ्याचं शव घेऊन विलायतेला गेलेला जेकब वेनराइट नाशिकचाच विद्यार्थी.

व्याकरणवेडा: साधा नियम आहे. शत्रू शरण येतो, भक्त शरण जातो.

गोदाकाठ: अभंगांत 'शरण आलो' ढिगाने सापडेल. नियम कुठून काढलात?

द्राक्षबागवाला: खरी गोची 'इच्छा' या शब्दाची आहे. इच्छा चहाचीही होते. आमची आजी 'देवाची मर्जी' म्हणायची, त्यात कसं वजन होतं.

व्याकरणवेडा: मर्जी अरबी. उपासनेत तरी शुद्ध मराठी असावं.

द्राक्षबागवाला: मग 'ख्रिस्त' ग्रीक, 'पाद्री' पोर्तुगीज. त्यांना कुठे पाठवू, ओझरच्या विमानतळावर?

जुना सीबीएस: 😂 साहेबाची मर्जी सांभाळण्यात हयात गेली, देवाची तरी इच्छाच असू द्या.

रविवारशाळा: एक राहतंय. अटकेच्या आधी येशूने जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. तिथे त्याने आधी 'हा प्याला दूर कर' असं मागितलं आणि मग 'तुझ्या इच्छेप्रमाणे' म्हटलं. आपण पहिलं वाक्य गाळून दुसऱ्यावर प्रवचन देतो. आणि सातव्या उद्गारातलं ग्रीक क्रियापद ठेव ठेवायला देण्याचं आहे. त्यामुळे 'सोपवणं'च बरोबर.

व्याकरणवेडा: सोपवणं हे 'सोपं'वरून आलं. भार दिला की सोपं होतं.

गोदाकाठ: नाही हो. समर्प, समप्प, सोप. सासूबाईंचं समर्पण आणि रविवारशाळेचं सोपवणं एकच शब्द आहे, एक सोवळ्यातला, एक रोजच्या वापरातला.

व्याकरणवेडा: मला पटत नाही. प्राकृताच्या नावावर काहीही खपतं.

शरणपूरची सून: ठेवीवरून आठवलं. आईला ऑपरेशनला नेत होते तेव्हा तिने स्ट्रेचरवरच बांगड्या काढल्या. एक निघेना, नर्सने साबण लावला. मग मंगळसूत्रासकट सगळं रुमालात बांधून, दोन गाठी मारून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "मोजून घे." घाबरलेली होती, आवाज फुटत नव्हता, पण मोजून घे म्हणाली. ते लिहिते. सासूबाईंना मात्र अजून 'समर्पण'च हवंय.

द्राक्षबागवाला: बांगड्या परत मागितल्या का?

शरणपूरची सून: शुद्धीवर आल्याबरोबर. मोजून. 🙂

जुना सीबीएस: शरणपूर रोडवर एका टपरीच्या पाटीवर 'सरणपूर' लिहिलंय. पेंटरला श आणि स एकच. यावर काय म्हणणं?

व्याकरणवेडा: बोलीत श चा स होतोच, पण पाटी प्रमाणभाषेत हवी.

गोदाकाठ: झालं. आता हे उद्यापर्यंत चालणार.