हॉटेलातली सोय बंद असेल तर बुकिंगवाल्यांना आधी कळवणं बंधनकारक असावं का?

सहकारनगरकर

मत आधी सांगते, मग घडलेलं. लिफ्ट, पाणी, जनरेटर यांसारखी मोठी सोय बंद आहे आणि ती आज-उद्यात सुरू होणार नाही, हे हॉटेलवाल्याला माहीत असेल, तर खोली घेतलेल्या प्रत्येकाला त्याने ते आधी कळवलंच पाहिजे. ज्याला मग ती खोली नको असेल, त्याला एक रुपयाही न कापता पैसे परत मिळाले पाहिजेत. असा थेट नियम आपल्याकडे नाही. तो व्हावा, यासाठी हा धागा.

भाचीच्या लग्नाला विदर्भातली मंडळी येणार होती. कार्यालय पुण्यात कर्वे रोडला, म्हणून डेक्कनच्या बाजूला एका हॉटेलात खोल्या घेतल्या आणि सगळे पैसे ॲपवरून आधीच भरले. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मी फोन करून लिफ्टचं मुद्दाम विचारून घेतलं. "आहे की," म्हणाले. मंडळी पहाटे बसमधून उतरून पोचली, तर लिफ्टच्या दारावर कागद: 'दुरुस्तीसाठी लिफ्ट बंद आहे. सहकार्याबद्दल आभार.' खाली आधीच्या आठवड्यातली तारीख. चिकटपट्टीच्या कडा धुळीने काळ्या पडलेल्या. खोल्या तिसऱ्या मजल्यावर, खाली एकही रिकामी नाही, आणि रद्द करायचं तर "नॉन-रिफंडेबल आहे, मॅडम." आत्या कठड्याला धरून, दर दोन पायऱ्यांनी थांबत वर गेली. संध्याकाळी हळदीला ती खाली उतरलीच नाही.

लिफ्ट बिघडते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आठवडाभर माहीत असून गप्प बसले, यावर माझा राग आहे. महापालिकेला गुरुवारी पाणी बंद ठेवायचं असतं तेव्हा कुठल्या भागात बंद, शुक्रवारी कुठे कमी दाबाने येणार, हे आधी पेपरात छापून येतं. लाखो लोकांना कळवता येतं, तर पंचवीस खोल्यांच्या हॉटेलाला चार फोन का करता येऊ नयेत? न्यूयॉर्क शहरात हॉटेलांसाठी असा नियम आहे. संप, बांधकामाचा आवाज, ढेकूण, बंद पडलेली मोठी सोय, यांची माहिती पाहुण्याला द्यावी लागते आणि त्याला दंड न भरता बुकिंग रद्द करता येतं. आपल्याकडे विमान कंपन्यांनाही उड्डाण रद्द होणार असेल तर प्रवाशाला दोन आठवडे आधी कळवावं लागतं. ऐनवेळी सांगितलं, तर ठरलेल्या अटींनुसार पाच ते दहा हजारांपर्यंत भरपाई द्यावी लागते. मग हॉटेलं त्यातून का सुटावीत?

लॉजमालक_स्टेशनरोड

ताई, तुमच्या आत्यांना झालेला त्रास चुकीचाच. लिफ्टचं विचारलं होतं, म्हणजे सांगायलाच हवं होतं. तरी तुम्ही मागताय त्या नियमाला माझा विरोध आहे. का, ते सांगतो.

विमान कंपनीशी आमची तुलना करू नका. माझ्या लॉजला महापालिकेचं पाणी पुरत नाही. उन्हाळ्यात टँकर येतो, कधी सकाळी सातला, कधी दुपारी दोनला. बोअरला जानेवारीनंतर पाणी नाही. वीज गेली की जनरेटर, त्याचं डिझेल रोखीने. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत लोकांच्या घरात शिरलं, तेव्हा अर्ध्या शहराचं वेळापत्रक कोलमडलं होतं. तशा दिवशी मी कोणाला काय कळवायचं? लिफ्टचा एखादा पार्ट कंपनीकडून यायला किती दिवस लागतील, हे कंपनीचा माणूसही सांगत नाही. रोज 'उद्या होईल' म्हणतो.

आणि पैसे परत म्हणजे कोणाचे पैसे? ॲप आधी आपलं कमिशन कापून घेतं, उरलेलं मला नंतर मिळतं. लग्नसराईत वीस खोल्या ऐनवेळी रद्द झाल्या, तर त्या रात्री त्या कोण घेणार? साखळी हॉटेल हा तोटा सोसेल. माझ्यासारख्याचा महिना जाईल. शिवाय नियम आला की त्याचा फायदा उठवणारेही येतात. गीझरचं पाणी यायला पाच मिनिटं लागली म्हणून अर्धं भाडं मागणारी माणसं मी पाहिली आहेत.

काळा_कोट

दोघांनाही सांगतो, नवा नियम मागण्याआधी आहे तो कायदा वाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'सेवेतील त्रुटी'च्या व्याख्येतच ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं येतं. लिफ्ट बंद असल्याचं माहीत असून न सांगणं हे त्यात सरळ बसतं. ऑनलाइन बुकिंग असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियमही लागू होतात. जाहिरातीत दाखवलेली किंवा कबूल केलेली वैशिष्ट्यं सेवेत नसतील, तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. 'नॉन-रिफंडेबल' असं छापलं म्हणून हे हक्क जात नाहीत.

तक्रार पुण्यातच करा असंही नाही. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. वकील लागतोच असं नाही, ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. कायदा पुरेसा आहे. लोक तो वापरत नाहीत, हे खरं दुखणं आहे.

औंधवाली

काळा कोट, माहिती उपयोगाची आहे, पण पहाटे सहाला सामानासकट रिसेप्शनसमोर उभ्या असलेल्या माणसाला दोन वर्षांची मुदत काय कामाची? आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. चार हजारांच्या खोलीसाठी कोण त्या रस्त्याला जाईल? हे हॉटेलवाल्यांनाही पक्कं माहीत आहे आणि म्हणूनच ते गप्प बसतात.

माझ्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं तेव्हा आम्ही हॉस्पिटलजवळ खोल्या घेत असू. पाणी नसलेली खोली आमच्यासाठी गैरसोय नव्हती, धोका होता. आधी कळलं असतं तर दुसरीकडे गेलो असतो, एवढंच. भरपाई कोणाला हवी होती?

फिरस्ता

माझं मत मूळ धाग्याच्या विरुद्ध. ॲपवर एकाच खोलीचे दोन दर दिसतात: रद्द करता येणारा आणि न येणारा. दुसरा स्वस्त असतो, कारण त्यातली जोखीम आपण घेतो. स्वस्त दर घ्यायचा आणि जोखीम मात्र हॉटेलवर टाकायची, हे पटत नाही. असा नियम आला तर स्वस्त दर बंद होतील आणि त्याचा फटका विद्यार्थ्यांना, परीक्षेला आणि मुलाखतीला येणाऱ्या मुलांना बसेल. रिव्ह्यू वाचा, आदल्या दिवशी फोन करा. वाईट हॉटेलाला लोकच धडा शिकवतात.

सहकारनगरकर

फिरस्ता, स्वस्त दरात मी कोणती जोखीम घेते? माझा बेत बदलण्याची. मला ताप आला, बस चुकली, लग्न पुढे ढकललं, तर पैसे गेले, ते मान्य. हॉटेलने सांगितलेली वस्तूच दिली नाही, ही जोखीम मी कधी घेतली? आणि फोन मी केला होता. त्यांनी खोटं सांगितलं. रिव्ह्यूचं म्हणाल, तर लिफ्ट बंद झाल्यावर आलेला पहिला पाहुणा रिव्ह्यू लिहितो तो स्वतः जिना चढल्यावरच.

लॉजमालक, तुमचं पूर आणि टँकरचं म्हणणं मला मान्य आहे. अचानक जे होतं त्यासाठी मी काहीच मागत नाही. मला फक्त तेवढ्यापुरतं बंधन हवं, जे तुम्हाला आधीच माहीत आहे. दारावर कागद लावला, त्याच दिवशी पुढच्या बुकिंगवाल्यांना मेसेज गेला पाहिजे. 'उद्या होईल' असं कंपनी म्हणते, तर तेच लिहा: लिफ्ट बंद आहे, कधी सुरू होईल सांगता येत नाही. बाकी पाहुणा ठरवेल. बरेचसे येतीलच, कारण तरुण माणसाला तिसरा मजला म्हणजे काही नाही. तुमच्या वीस खोल्या रिकाम्या राहणार नाहीत.

रिसेप्शनवरून

मी विमाननगरला एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. दोन्हीकडच्यांनी आमच्या बाजूनेही बघावं. काय बंद आहे ते आम्हाला माहीत असतं, पण 'विचारलं तरच सांगा' अशी वरून सूचना असते. विचारल्यावरही 'चालू होईल' म्हणायचं. मग पाहुणा येतो, आणि शिव्या आम्ही खातो, मालक नाही. परतावा द्यायचा अधिकार आमच्याकडे नसतो, मॅनेजर रात्री फोन उचलत नाही. एकदा एक आजोबा ओरडून ओरडून थरथरायला लागले, त्यांना मी माझ्या खुर्चीवर बसवून पाणी दिलं. त्यांचं बरोबर होतं. मला तसं म्हणायची सोय नव्हती.

लेखी नियम असेल तर निदान आम्ही मालकाला म्हणू शकू की कळवावंच लागेल. त्यासाठी माझा पाठिंबा.

रास्ता_पेठ

ग्राहक पंचायतीची सुरुवात १९७४ मध्ये याच शहरात बिंदुमाधव जोशी यांनी केली. तेव्हा ग्राहकांसाठी वेगळा कायदा नव्हता, तो १९८६ मध्ये आला. त्यामुळे 'आहे तो कायदा पुरे' हे पुण्यात तरी ऐकवत नाही.

'गाडी आपल्या जबाबदारीवर लावा' ही पाटी आठवा. दिल्लीत एका मोठ्या हॉटेलात पाहुण्याने गाडीची किल्ली पार्किंगच्या माणसाकडे दिली आणि गाडी चोरीला गेली, १९९८ मधली गोष्ट. गाडी एकदा ताब्यात घेतली की असं छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं २०१९ मध्ये. एकवीस वर्षं! निकाल चांगलाच आहे. पण प्रत्येक पाटीसाठी एवढं थांबायचं का?

काळा_कोट

रास्ता पेठ, मुद्दा योग्य आहे, पण नव्या नियमाचंही तेच होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सेवा शुल्क आपोआप बिलात लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. रेस्टॉरंटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि तत्त्वं वैध ठरली ती मार्च २०२५ मध्ये. हॉटेलांसाठी काही काढलं तर तसंच घडू शकतं.

तरीही मागायचंच असेल तर त्याच प्राधिकरणाकडे मागा. २०२३ मध्ये त्यांनी ॲपवरच्या फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध तेरा प्रकारांची यादी काढली होती. हॉटेलांच्या बाबतीत तशी मार्गदर्शक तत्त्वं काढायला नवा कायदा लागत नाही. माहिती लपवणं ही त्रुटी आहेच, ती कधी आणि कशी सांगायची, एवढंच स्पष्ट करायचं आहे. इतपत मी सहकारनगरकरांच्या बाजूने.

लॉजमालक_स्टेशनरोड

आता एक अडचण सांगतो, ती इथे कोणाला ठाऊक नसावी. ॲपवरून आलेल्या बऱ्याच बुकिंगमध्ये पाहुण्याचा खरा नंबर मला दिसतच नाही. चेक-इनपर्यंत झाकलेला असतो, मी परस्पर सौदा करीन या भीतीने. मग मी कळवू कोणाला? नियम करायचाच तर आधी ॲपवर करा. मी बंद सोय तिथे नोंदवली की पाहुण्याला मेसेज त्यांनी पाठवायचा, आणि रद्द झालं तर त्यांचं कमिशनही त्यांनी सोडायचं. हे होणार असेल तर लिफ्ट, पाणी, गरम पाणी आणि जनरेटर, या चारांसाठी मी उद्यापासून तयार आहे. त्यापुढे नाही. शेजारच्या प्लॉटवर बिल्डरने खोदकाम काढलं, मेट्रोचं काम आलं, त्याचे पैसे मी का द्यायचे?

सहकारनगरकर

कमिशनचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर आहे, मागणीत ते घालायलाच हवं. खोली दिलीच नाही, तर मध्यस्थाने कमावू नये.

आवाजाचं मात्र मी सोडणार नाही. शेजारचं खोदकाम तुमच्या हातात नाही, कबूल. पण ते चालू आहे हे तुम्हाला रोज ऐकू येतं. रात्रपाळी करून दिवसा झोपायला आलेल्या माणसाला, तान्हं मूल घेऊन आलेल्या बाईला ते आधी कळायला नको? त्यासाठी तुमच्याकडून दंड घ्या असं मी म्हणतच नाही. सांगा, आणि ज्याला नको असेल त्याला मोकळं करा.

लॉजमालक_स्टेशनरोड

सांगायला हरकत नाही. पैसे परत द्यायला आहे. आवाज किती म्हणजे जास्त, हे कोण ठरवणार? लिफ्ट बंद आहे की चालू, यात वाद नसतो. आवाजात रोज वाद होईल आणि तो रिसेप्शनवरच होईल.

रिसेप्शनवरून

या एका गोष्टीत मी मालकांच्या बाजूने. आवाजावरून भांडणं आत्ताच आठवड्याला होतात. पण ड्रिलिंग किती वाजता सुरू होतं, ते तरी बुकिंगच्या पानावर लिहायला लावा. आमच्या शेजारी सकाळी आठला सुरू होतं, आणि आठपर्यंत मी कोणालाही ते सांगायचं नाही, अशी सूचना आहे.